त्याला लाज कशी वाटत नाही?

व्यसनी माणसाचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येतं. 'त्याला लाज कशी वाटत नाही?' बायकोचे दागिने विकताना, आईच्या औषधाचे पैसे उचलताना, धाकट्या भावाच्या दप्तरातली फी काढून घेताना याला काहीच कसं वाटत नाही? घरातल्या माणसाच्या तोंडून हा प्रश्न येतो तेव्हा त्यात इतकं दुखणं असतं की पुढे काही बोलवत नाही. तरीही माझं ठाम मत आहे की या प्रश्नाची सुरुवातच चुकते. मी ज्यांना जवळून पाहिलं त्यांना लाज वाटत होती. इतकी वाटत होती की ती सहन होईना म्हणून ते पुन्हा ओढायचे, आणि पुन्हा ओढलं म्हणून आणखी लाज वाटायची. बाहेरून आपण त्यात आपली भर घालतो आणि म्हणतो, आता तरी सुधार.

ऐंशीच्या दशकात मी कोकणातून शिकायला मुंबईला आले ती मामाकडे, लालबागला. मामा गिरणीत साचेखात्यात होता. होता म्हणजे, 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यानंतर तो कधी साच्यापुढे उभा राहिला नाही. अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. मी आले तेव्हा मामा सकाळी उठून, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून नाक्यावर जायचा आणि दुपारी परत यायचा. कुठे जातो हे कुणी विचारत नसे. मामी खानावळीच्या पोळ्या लाटायची. त्या एका खोलीत आम्ही सहा माणसं राहत होतो.

त्याच वर्षांत मुंबईत गर्दचा सुळसुळाट झाला. गर्द म्हणजेच ब्राऊन शुगर, कच्चं, भेसळीचं हेरॉईन. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या पट्ट्यातून ते येत होतं आणि पश्चिमेकडे जाता जाता मुंबईत उतरत होतं. सुरुवातीला पुडी स्वस्त होती, कधी कधी तर फुकट. गिरणगावात कामाविना बसलेल्या पोरांची वाण नव्हती. बाप घरी, पोरगा नाक्यावर, आणि दोघांनाही एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सोय नाही, अशी घरं आमच्या चाळीत मजल्यामजल्यावर होती. संपामुळे गर्द आलं असं मी म्हणणार नाही. संप नसलेल्या घरांतही ते शिरलं, श्रीमंत कॉलेजांतही शिरलं. पण गर्द आलं तेव्हा त्याला अडवायला आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं, हे मी पाहिलं आहे.

माझा मामेभाऊ, आमचा दादा, कबड्डीच्या संघात होता. चढाईला जाताना त्याचा दम ऐकायला गल्ली जमायची. त्याला कुणी पहिली पुडी दिली, का दिली, हे शोधण्यात मामाने पुढची कितीतरी वर्षं घालवली. मला त्या शोधाचा काही उपयोग दिसला नाही. सुरुवातीला मजा, मग सवय, आणि मग एक दिवस असा येतो की न ओढता उठताच येत नाही.

ते 'उठता न येणं' काय असतं, ते मी मोरीजवळच्या त्या चार फुटांत पाहिलं. ती पोरं त्याला 'टर्की' म्हणायची. मे महिन्याच्या काहिलीत दादा गोधडी घेऊन गुडघे पोटाशी दुमडून पडलेला असायचा. जांभयांवर जांभया. नाकाडोळ्यांतून पाणी. हातावरचा केस न् केस उभा. उलट्या, जुलाब, आणि संडास चाळीच्या टोकाला सामाईक. पायांच्या पोटऱ्या आपोआप उडायच्या, इतक्या जोरात की मामी पोळपाट बाजूला ठेवून त्याच्या पायांवर जाऊन बसायची. तशीच बसून ती उरलेल्या पोळ्या भाजायला मला सांगायची. शेवटच्या डोसानंतर आठ-दहा तासांत हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतं आणि आठवड्याभरात बरंचसं ओसरतं. आपण ऐकणारे म्हणतो, आठवडाच ना? पण त्या माणसाला माहीत असतं की एक पुडी मिळाली तर हे सगळं पाच मिनिटांत थांबेल. ती पुडी जिन्याखाली मिळते.

शरीरात घडतं ते असं. वेदना शमवणारी, निवांतपणा देणारी रसायनं आपला मेंदू स्वतः तयार करतो. हेरॉईन मेंदूत जाऊन त्याच जागा अडवतं, पण कितीतरी पट जोराने. रोज बाहेरून इतकं मिळायला लागलं की मेंदू आपली व्यवस्था त्याप्रमाणे बदलून घेतो. मग ते बाहेरचं अचानक थांबलं की दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळतं. म्हणून अंगावर काटा, म्हणून घाम, म्हणून झोप नाही. त्याहून खोल गोष्ट म्हणजे मेंदूचा जो भाग 'हे महत्त्वाचं आहे, हे पुन्हा कर' असं शिकवतो, जो आपल्याला भूक लागल्यावर जेवणाकडे आणि रडणाऱ्या बाळाकडे ढकलतो, त्याच भागाला ते ताब्यात घेतं. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम तेच. दादाला आई प्यारी नव्हती असं नाही. त्याच्या मेंदूत मात्र पुडीचा क्रमांक आईच्या वर जाऊन बसला होता, आणि हे त्याला कळत होतं. मला वाटतं, सगळ्यात भयंकर भाग हाच, की ते कळत असतं.

कळत होतं हे मी कशावरून म्हणते? दादाने घरातलं बरंच काही नेलं. मामाचं घड्याळ, मामीच्या कानातलं, माझी बारावीला मिळालेली चांदीची वाटी. गणपतीच्या तसबिरीमागे मामीला एकदा प्लास्टिकची पिशवी सापडली. तिच्यात सावकाराच्या पावत्या होत्या. विकलं असतं तर जास्त पैसे आले असते, पण जे गहाण ठेवता येईल ते त्याने गहाण ठेवलं होतं. प्रत्येक पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: 'आईचं', 'अण्णांचं', 'बायचं'. बाय म्हणजे मी. सगळं सोडवून आणायचं होतं त्याला. एकही सुटलं नाही. मुदती उलटून गेल्या होत्या. तरी पावत्या त्याने जपून ठेवल्या होत्या, देवामागे.

मामीने ती पिशवी होती तिथे ठेवली. मामाला सांगितलं नाही.

मामा पट्ट्याने मारायचा. चाळीतले लोक सांगायचे, आणखी मारा. मग कुणीतरी सुचवलं म्हणून त्याला एका 'केंद्रा'त टाकलं. नाव घेत नाही, आणि आता ते नाहीही. तिथे डोकं भादरलं, खोलीत कोंडलं, पाणी मागितलं तर शिव्या. महिन्याने तो बाहेर आला तेव्हा अंगातून गर्द गेलं होतं आणि डोळ्यांतून माणूस. त्याच संध्याकाळी तो जिन्याखाली सापडला, ओठ निळे पडलेले, श्वास घरघरणारा. नशिबाने वेळेत रुग्णालयात नेलं म्हणून वाचला. त्याच्याच संघातला एक मुलगा असाच वाचला नाही.

हे नीट सांगायला हवं, कारण यात माणसं मरतात आणि घरच्यांना कारण कळत नाही. काही आठवडे हेरॉईन बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते. पण माणसाला आठवतो तो जुना डोस. तो तेवढाच घेतो, आणि पूर्वी पचणारा तोच डोस आता श्वास थांबवतो. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही दिवस म्हणून सर्वांत धोक्याचे. नालोक्झोन नावाचं औषध वेळेत मिळालं तर हा परिणाम उलटवता येतो. दारूचं आणखी वेगळं. खूप वर्षांची भरपूर दारू एका रात्रीत बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. 'खोलीत कोंडून ठेवा, दोन दिवसांत सुटेल' हा सल्ला देणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मग पुण्याचं कळलं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेले लेख तेव्हा खूप वाचले जात होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट तिथेच मनोविकारतज्ज्ञ होत्या. 1997 मध्ये कर्करोगाने जाईपर्यंत त्यांनी ते काम पाहिलं, आणि आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते सांभाळते. महाराष्ट्रातल्या हजारो घरांना हा पत्ता ठाऊक आहे. बहुतेक घरांनी तो शेजाऱ्यांना सांगितलेला नाही.

दादा तिथे गेला तेव्हा मामा-मामी दोघंही बरोबर होते. आधीच्या अनुभवाने मामी धास्तावलेली. तिथे कुंपणाची भीती नव्हती, मारहाण नव्हती. व्यायाम, कामं, गटात बसून बोलणं, आणि समोर बोलणारे कार्यकर्ते बरेचसे स्वतः कधीकाळी व्यसनातून गेलेले. दादा पुढे मला म्हणाला, "बाय, कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला विचारलं, जेवलास का. मी रडायलाच लागलो." घरी मामी रोज विचारायची की. पण घरच्या त्या प्रश्नाखाली दुसरे पन्नास प्रश्न दबलेले असत, आणि ते त्याला ऐकू येत असत.

तो बरा होऊन आला आणि पुढे सगळं सुरळीत झालं, असं मला लिहिता येत नाही. तो घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. चाळ तीच, जिना तोच, जिन्याखालची माणसं तीच.

इथे मला अमेरिकेच्या व्हिएतनाममधल्या सैनिकांची गोष्ट नेहमी आठवते. 1971 च्या सुमाराला तिथल्या सैन्यात हेरॉईन इतकं पसरलं होतं की पाचातला एक सैनिक तिथे असताना त्याच्या आहारी गेला होता. ही सगळी माणसं मायदेशी परतली की काय होईल, या धास्तीने सरकारने ली रॉबिन्स या संशोधक बाईंना त्यांचा पाठपुरावा करायला सांगितलं. निष्कर्षावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. तिकडे आहारी गेलेल्यांपैकी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात शंभरातले जेमतेम पाचच पुन्हा अडकले. जागा बदलली होती, भीती संपली होती, घर आणि काम समोर होतं. पदार्थाचा जोर मोठा आहेच, पण तो ज्या आयुष्यात येतो त्याचाही मोठा वाटा असतो. आमच्या दादाला व्हिएतनाम सोडून परत जायला दुसरं गावच नव्हतं. आपण त्याला मुक्तांगणमध्ये पाठवत होतो आणि पुन्हा आघाडीवर आणून सोडत होतो.

घसरणं हे अपयश मानलं जातं तेव्हा फार नुकसान होतं. रक्तदाबाच्या रुग्णाने गोळ्या सोडल्या आणि दाब वाढला तर डॉक्टर त्याला नालायक म्हणून हाकलत नाहीत, औषध बदलतात, आहार विचारतात. व्यसनाच्या आजारात माणूस घसरला की आपण म्हणतो, 'बघा, सांगितलं नव्हतं? याचं काही व्हायचं नाही.' खरं तर घसरल्यावर पहिल्या दिवशी कुणाला तरी सांगता आलं तर घसरण दिवसभराचीच राहते. सांगायची लाज वाटली की ती सहा महिन्यांची होते. दादाच्या बाबतीत मी दोन्ही पाहिलं.

आता करुणेबद्दल. हा शब्द मला जपून वापरावासा वाटतो, कारण त्याच्या नावाखाली घरात पुष्कळ काही चालतं. मामी त्याला पैसे द्यायची. 'तडफडताना बघवत नाही गो,' म्हणायची. त्याची उधारी फेडायची, मामाशी खोटं बोलायची, तो कामावर गेला नाही तर तो आजारी आहे असा निरोप मला पाठवायला लावायची. हे सगळं प्रेमाने होतं आणि त्याने त्याचं व्यसन सांभाळलं जात होतं. दुसरीकडे मामाचा पट्टा होता. ज्याला मी करुणा म्हणते ती या दोहोंपेक्षा अवघड आहे. पैसे द्यायचे नाहीत, पण ताट वाढायचं. खोटं बोलायचं नाही, पण अपमानही करायचा नाही. 'तू वाईट आहेस' आणि 'तू वागलास ते वाईट आहे' यांतला फरक रोज, थकलेल्या अंगाने पाळायचा. चोरी झाली तर चोरी म्हणायचं. मुक्तांगणमध्ये घरच्यांनाही बोलावतात, रुग्णांच्या बायकांसाठी वेगळा गट आहे, तो याचसाठी. घरही आजारी पडलेलं असतं. मामीला हे शिकायला वेळ लागला. तिला कुणीतरी म्हणालं होतं, सोडा त्याला, तो तुमचा राहिला नाही. ती म्हणाली, "माझ्या पोटाक इलो तो. आता टाकू खंय त्येका?" पण त्यानंतर तिने त्याच्या हातात पैसे कधी ठेवले नाहीत.

बाईला व्यसन असेल तर हे सगळं दुप्पट होतं. पुरुषाला निदान कुणीतरी उपचाराला घेऊन जातं; बाईला माहेरी धाडलं जातं किंवा झाकून ठेवलं जातं. मुक्तांगणने बायकांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढला, याचं मोल मला फार वाटतं.

कायद्याची गोष्ट थोडक्यात, पण ती माहीत असायला हवी. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, विकणाऱ्याला जबर शिक्षा आहे आणि सेवन करणंही गुन्हा आहे. हेरॉईनसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्यात कलम 64 अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळू शकतं. ही तरतूद घरच्यांना माहीत नसते, आणि पोलीस ठाण्यात ती त्यांना कुणी आपण होऊन सांगेल यावर विसंबू नये. पोर्तुगालने 2001 मध्ये याहून पुढचं पाऊल टाकलं: स्वतःपुरता थोडा साठा सापडला तर फौजदारी खटला नाही, समुपदेशक आणि समाजसेवक असलेल्या समितीपुढे जायचं. आपल्याकडे ते जसंच्या तसं आणावं का, हा मोठा विषय आहे. पण शिक्षेच्या भीतीने माणूस उपचाराच्या दारापासून लांब पळतो, एवढं मात्र मी सांगू शकते.

2019 मध्ये दिल्लीच्या एम्सने देशव्यापी पाहणी प्रसिद्ध केली. अफूपासूनच्या किंवा त्या जातीच्या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख लोक आहेत, असा त्यात अंदाज आहे. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी एकालाच कधी दाखल होऊन उपचार मिळाले होते. दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकाला कुठलेतरी उपचार मिळाले. उरलेले सदतीस कुठे असतात? आपल्या जिन्यांत, आपल्या माळ्यांवर, बंद दारांमागे, आणि पुष्कळदा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून कामावरसुद्धा.

दादा आता साठीच्या पुढे आहे. गेली बरीच वर्षं त्याने काही घेतलेलं नाही. 'सुटलं' असं तो म्हणत नाही. 'आजचा दिवस' असं म्हणतो. मामा-मामी दोघंही नाहीत, पण मामीने त्याची चांगली वर्षं पाहिली.

गर्दची जागा आता आमच्या भागात एमडीने घेतली आहे. मेफेड्रोन. 2015 पासून तेही एनडीपीएसखाली आहे, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभच्या कारखान्यात त्याचे साठे सापडले तेव्हा रोज पेपर वाचणाऱ्यांनाही धक्का बसला. ते गर्दसारखं गुंगवत नाही. ते जागं ठेवतं, दोन-दोन दिवस झोप नाही, भूक नाही, मग संशय, भास, आणि उतरल्यावर जीव नकोसा होणारी मरगळ. पोरं अभ्यासाच्या नावाने जागतात तेव्हा आईबापांना आधी बरंच वाटतं.

आमच्या इमारतीतल्या एक बाई मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे आल्या. दार लावून घ्यायला सांगितलं. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. "काकू, तुमच्या घरात असं कुणीतरी होतं ना?" त्यांनी विचारलं. त्यांना लाज वाटत होती, मुलाची नाही, स्वतःची. आपण आई म्हणून कमी पडलो, ही. मी दादाला फोन लावून दिला. दादा येऊन गेला, मुलाच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसला, कबड्डीबद्दल बोलत राहिला. दार उघडलं नाही. 14446 हा सरकारी मदत क्रमांक मी त्यांना दिला, जवळच्या केंद्राचा पत्ता दिला. त्या म्हणाल्या, तो यायला तयार नाही तर मी जाऊन काय करू? मी म्हटलं, तुम्ही तुमच्यासाठी जा. घरच्यांसाठी तिथे गट असतो, त्याला रुग्ण बरोबर लागत नाही.

मुलगा अजून तयार नाही. त्या मात्र दर शनिवारी जातात. पहिल्या शनिवारी त्या तोंडाला ओढणी बांधून गेल्या होत्या, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. आत गेल्या तर समोर मुलाच्या जुन्या शाळेतल्या बाई बसलेल्या. त्याही पालक म्हणूनच आल्या होत्या. आता दोघी एकाच रिक्षाने जातात.